सणाआधीची गिफ्ट खरेदी: लहान मुलांच्या आईसाठी, यादीपासून रॅपिंगपर्यंत

मुलांच्या भेटवस्तूंच्या खरेदीत वेळ जातो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक, काय घ्यायचं ते ठरलेलं नसताना रात्री फोनवर अंगठा फिरवत बसण्यात. दुसरं, आणलेली वस्तू आयत्या वेळी बसत नाही, चालत नाही किंवा तिच्यात सेलच नाहीत म्हणून पुन्हा होणाऱ्या धावपळीत. दुकानातला वेळ त्यामानाने थोडाच असतो. खरेदीच्या आधी एक तास आणि प्रत्येक पार्सल आलं की पंधरा मिनिटं, एवढं दिलं तर दोन्ही कटकटी बऱ्याच कमी होतात. पुढचं सगळं साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि मुलं झोपल्यानंतरच मोकळा वेळ मिळतो हे गृहीत धरलेलं आहे.

सहा आठवडे आधी: यादी आणि मापं

प्रत्येक मुलासाठी फोनमध्ये एक वेगळी नोट करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला "तुला काय हवं?" असं थेट विचारलं तर ते नुकतीच पाहिलेली जाहिरात सांगतं. त्याऐवजी येता-जाता ऐकू येणाऱ्या मागण्या तारखेसकट टिपून ठेवा. दोन आठवड्यांनी तीच मागणी कोणी न विचारता पुन्हा निघाली, तर ती खरी. बाकीच्या पुसून टाकायला हरकत नाही.

याहून भरवशाची खूण घरातच पडलेली असते. मूल झोपल्यावर खेळण्यांची टोपली उपडी करा आणि कुठलं खेळणं झिजलंय ते बघा. गाडीची टायरं निघालीत, ठोकळ्यांचे कोपरे चावून बोथट झालेत, बाहुलीच्या केसांचा गुंता झालाय: मूल खेळतंय ते याच्याशी. कोरं करकरीत राहिलेलं खेळणं ज्या जातीचं, त्या जातीचं नवं आणू नका. झिजलेल्याला जोड देणारं काही आणा. गाड्या असतील तर उतार किंवा गॅरेज, ठोकळे असतील तर त्याच मापाचे आणखी ठोकळे. 'त्याच मापाचे' हे महत्त्वाचं. दोन कंपन्यांचे ठोकळे एकमेकांत बसतीलच असं नाही. डुप्लोचा ठोकळा मात्र लेगोच्या ठोकळ्याच्या लांबी, रुंदी आणि उंचीत बरोबर दुप्पट असतो आणि दोन्ही एकमेकांवर बसतात, त्यामुळे धाकट्याचे ठोकळे पुढे वाया जात नाहीत.

किती घ्यायचं हे आत्ताच ठरवा, नाहीतर यादी फुगत जाते. एक मोठी वस्तू, दोन लहान आणि एक पुस्तक एवढं एका मुलाला भरपूर होतं. भावंडं असतील तर न्यायाचा हिशेब वयाप्रमाणे बदलतो. पाच वर्षांखालची मुलं पुड्या मोजतात आणि त्यांचा आकार बघतात, किमतीशी त्यांना देणंघेणं नसतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला किंमत कळायला लागलेली असते. म्हणून धाकट्यांसाठी पुड्यांची संख्या सारखी ठेवा आणि थोरल्याच्या बाबतीत एखादी पुडी कमी पडली तरी चालेल, वस्तू मनासारखी हवी.

मग मापं. कपड्यांवर लिहिलेल्या वयावर विसंबू नका. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, आणि सध्या नीट बसणारा एक शर्ट जमिनीवर पसरून त्याची छाती आणि लांबी मोजा. विक्रेत्याच्या तक्त्याशी जुळवायला शर्टाचीच मापं उपयोगी पडतात, कारण शर्ट हलत नाही.

बुटांसाठी मुलाला कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा आणि सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. कित्येकदा अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं, तेव्हा अंगठ्यावरच थांबू नका. दोन्ही पावलं मोजा, मोठं आलेलं माप धरा आणि त्यात साधारण एक सेंटिमीटर मिळवा. ती झाली बुटाच्या आतली लांबी. संध्याकाळी मोजलेलं बरं, दिवसभराच्या धावपळीने पावलं थोडी फुगलेली असतात.

सायकल घ्यायची असेल तर वयाऐवजी पायाचं आतलं माप लागतं. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, एक पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये, सीटवर बसल्यासारखं, वर टेकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. पेडल नसलेल्या बॅलन्स सायकलची सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे दोन्ही पावलं पूर्ण टेकतात आणि गुडघे किंचित वाकतात. सीट वरखाली होते, म्हणून विक्रेत्याला सीटची सगळ्यात कमी उंची विचारा. चाकाचा आकार हा फक्त ढोबळ अंदाज असतो. हेल्मेटसाठी भुवयांच्या वर दोन बोटं जागा सोडून डोक्याचा घेर घ्या. कपडे एक साइज मोठे घेतलेले चालतात, हेल्मेट कधीच नाही. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं.

खोक्यावरचं '३+' हुशारीबद्दल नसतं

"आमचं अडीच वर्षांचं आहे, पण तरतरीत आहे, जमेल त्याला" म्हणून '३+' लिहिलेलं खेळणं घेतलं जातं. या आकड्याचा बुद्धीशी फारसा संबंध नसतो. त्याचा अर्थ असा की खेळण्यात असे सुटे भाग आहेत जे तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात, आणि जो भाग त्यात पूर्ण मावतो तो या वयाच्या खेळण्यात चालत नाही.

घरी टॉयलेट पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी हे काम करते. ती साधारण चार सेंटिमीटरची, म्हणजे अधिकृत नळकांड्यापेक्षा थोडी मोठी असते, त्यामुळे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूने होते. नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. एकच अपवाद चेंडूचा. गोल वस्तू घशात घट्ट बसते आणि हवेला वाटच राहत नाही, म्हणून अमेरिकेच्या नियमात लहान मुलांच्या चेंडूची मर्यादा वेगळी, १.७५ इंच, म्हणजे साधारण ४४.५ मिलिमीटर आहे. नळीत न शिरणारा चेंडूही पट्टीने मोजा.

घरात दोन मुलं असतील तर हा नियम धाकट्याच्या वयाने लागतो. सहा वर्षांच्या ताईच्या मण्यांचा सेट रांगणाऱ्या बाळाच्या जमिनीवर सांडणारच. तो घ्यायचा तर त्यासोबत झाकणाचा डबा आणि उंच टेबल यांचीही सोय करा. नाहीतर वर्षभर थांबा.

खोक्यावरच्या चिन्हांकडेही नजर टाका. युरोपात सीई, अमेरिकेत एएसटीएम एफ९६३, भारतात आयएसआय. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्ह फक्त वेबसाइटवरच्या चित्रात आहे आणि हातात आलेल्या खोक्यावर नाही, तर वस्तू परत करा. विक्रीतून मागे घेतलेल्या वस्तू शोधायला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं एक पोर्टल आहे, जिथे अनेक देशांतल्या नोंदी एकत्र मिळतात. मॉडेल नंबर टाकला की मिनिटभरात कळतं. सेकंडहँड किंवा ओळखीच्यांकडून आलेल्या खेळण्यांसाठी हे नक्की करा.

तीन गोष्टी ज्यांच्यावर घासाघीस नको

पहिली, बटण सेल. लुकलुकणाऱ्या काठ्या, गाणारी पुस्तकं, छोटे रिमोट यांत तो असतो. सेलवरचा आकडा वाचता येतो: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा ३ व्होल्टचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. खेळण्यात वापरून कमजोर झालेला सेलही हे करू शकतो, म्हणून काढलेला सेल टेबलावर ठेवून पुढच्या कामाला लागू नका. घेताना एकच बघा: सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का? नखाने उघडणारं झाकण असेल तर ते खेळणं घेऊ नका. सेल गिळल्याची शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, मूल ठीक दिसत असलं तरी. उलटी करवायची नाही. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि सेल बारा तासांच्या आत गिळलेला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मिलिलिटर) मध, जास्तीत जास्त सहा वेळा, असा सल्ला अमेरिकेतलं विषबाधा केंद्र देतं. मध शोधण्यात मात्र वेळ घालवायचा नाही.

दुसरी, शक्तिशाली छोटी लोहचुंबकं. एक गिळलं तर एक वेळ निभावतं. दोन गिळली की आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून ती एकमेकांना चिकटतात आणि तिथे भोक पडू शकतं. मोठ्या टाइलमध्ये बंद केलेली चुंबकं ठीक, पण कडा वितळवून पक्क्या जोडलेल्या आहेत ना आणि कुठे चीर नाही ना, हे तपासा.

तिसरी, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. कोरडे असताना साबुदाण्याएवढे दिसतात आणि पोटात जाऊन फुगले की आतडं अडतं. एक्स-रेमध्येही ते सहसा दिसत नाहीत. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे त्या घरात ते आणूच नका, मोठ्या भावाने हट्ट धरला तरी.

फुग्यांचं थोडक्यात सांगायचं तर फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचलायचा. आणि आवाज करणारं खेळणं विकत घेण्याआधी मूल जेवढ्या जवळ धरेल तेवढं स्वतःच्या कानाजवळ धरून ऐका. आधीच घरात आलं असेल तर स्पीकरच्या जाळीवर दोन थर सेलोटेप चिकटवा. आवाज खाली येतो आणि घरातल्यांचे कान किटत नाहीत.

कुठल्या वयाला काय

वर्षाच्या आतलं बाळ वस्तू तोंडात घालणार, तेव्हा धुता येईल ते घ्या. एक ते दोनला ढकलायचं, भरायचं, ओतायचं काहीही, आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. कोड्यांच्या तुकड्यांचा अंदाज असा: दोन वर्षांना चार ते सहा, तीन-चारला बारा ते चोवीस, पाचला पन्नासच्या आसपास. यापेक्षा अवघड कोडं पहिल्यांदा आईच सोडवते, दुसऱ्यांदा कोणीच नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाचा बोर्ड गेम पंधरा मिनिटांत संपणारा हवा. रंगांचं साहित्य घेताना 'धुतल्यावर निघणारं' असं लिहिलंय का ते वाचा, भिंती तुमच्याच आहेत.

चार आठवडे आधी: ऑर्डर

ऑनलाइन फोटोत प्रत्येक खेळणं मोठं दिसतं. वर्णनात खाली गेलं की सेंटिमीटरमध्ये माप सापडतं. त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून जमिनीवर ठेवा. "एवढंसंच?" हा उद्गार पार्सल उघडताना निघण्यापेक्षा आत्ता निघालेला बरा. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. कुठला भाग मोडतो आणि कधी, हे तिथे सापडतं.

ऑर्डर देण्याआधी 'सेल सोबत नाहीत' हे वाक्य शोधा. कोणते आणि किती ते यादीत लिहा: पेन्सिल सेल तीन, बारीक सेल दोन, असं. सगळ्या खेळण्यांची बेरीज करून एकदाच आणा, वर चार जास्त. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ व्होल्टचे, त्यामुळे काही मोटारीची खेळणी चार्जवाल्या सेलवर मंद चालतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, जुना गळतो.

आजी-आजोबा, मावशी, काका यांचे "काय आणू?" असे फोन येण्याआधीच त्यांना यादीतली एकेक ओळ वाटून द्या. मॉडेलचं पूर्ण नाव, साइज, रंग आणि शक्यतो लिंकसकट. नुसतं "एखादी गाडी आणा" म्हटलं की तीन सारख्या गाड्या येतात.

पत्ता देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मोठी खेळणी कित्येकदा कंपनीच्या मूळ खोक्यातच येतात, वर सायकलचं रंगीत चित्र असलेली. डिलिव्हरी मुलं शाळेत असतानाची निवडा किंवा ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. घरातल्या टॅबवर तुमचंच अकाउंट उघडं असेल तर त्यातून लॉग आउट करा. नाहीतर मुलाला कार्टून बघताना नेमकी त्याच रोबोची जाहिरात दिसते.

पार्सल आलं त्याच रात्री

लवकर खरेदी करणाऱ्या आयांचं घोडं इथे पेंड खातं. परत करण्याची मुदत वस्तू हातात आल्यापासून मोजली जाते, मुलाने पुडी उघडल्यापासून नाही. महिनाभर आधी आणून बंद खोकं कपाटात ठेवलं, तर सणाच्या दिवशी एक चाक कमी निघेल तेव्हा मुदत केव्हाच संपलेली असेल. म्हणून आधी बिलाचा फोटो काढा आणि मग खोकं उघडाच. सील ब्लेडने नीट कापलं की पुन्हा चिकटवता येतं, मुलांना पत्ता लागत नाही.

आत सगळे भाग माहितीपत्रकातल्या चित्राशी पडताळा. सेल घालून एकदा चालवा. चालत नसेल तर सेलच्या खाचेत 'ओढा' असं लिहिलेली प्लास्टिकची पट्टी राहिलीय का ते बघा, बंद खेळण्यांमागचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं. झाकणासाठी छोटा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. मोठ्या टोकाने स्क्रूची खाच झिजते आणि झाकण मग कधीच उघडत नाही. बाहुली किंवा गाडी पुठ्ठ्याला तारांनी पिळून बांधलेली असते, त्या तारा आत्ताच काढा. एका खेळण्याला सहा-सात तारा असतात, आणि समोर मूल नाचत असताना त्या सुटत नाहीत. जोडणी असलेली सायकल किंवा किचन सेट आदल्या रात्री जोडायला घेऊ नका. पत्रकात 'तीस मिनिटं' लिहिलं असेल तर तासभर धरा. चार्ज होणारी वस्तू पूर्ण चार्ज करा, आणि ती वाय-फायला जोडली जाणारी असेल तर अपडेटही आत्ताच उतरवून घ्या.

लपवणं

कपाटाचा वरचा कप्पा आणि पलंगाखाली या दोन जागा मुलांना माहीत असतात. प्रवासाची मोठी बॅग, गाडीची डिकी, किंवा 'जुने हिशेब' असं लिहिलेलं कंटाळवाणं खोकं या बऱ्या जागा. काय कुठे ठेवलंय ते नोटमध्ये लिहा. आपण लपवलेलं आपल्यालाच न सापडणं अगदी नेहमीचं आहे. उन्हात उभ्या गाडीत मात्र मेणाचे खडू किंवा सेल ठेवू नका.

रॅपिंग

एका बैठकीत सगळं उरकतं, फक्त कागद आधी मोजून कापा. खोकं ३० × २० × १० सेंटिमीटरचं असेल तर घेर झाला २० + १० + २० + १० म्हणजे ६०. वर चढवायला ३ मिळवून ६३. दुसऱ्या बाजूने खोक्याची लांबी ३० आणि दोन्ही टोकांना ७-७, म्हणजे ४४. टोकाला उंचीच्या दोन-तृतीयांश कागद पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर घड्या जाड होतात, चिकटपट्टी धरत नाही आणि पुडी फुगीर दिसते. वेड्यावाकड्या वस्तूवर झगडत बसू नका, ती आधी रिकाम्या खोक्यात घाला. सायकलला फक्त हँडलवर फीत पुरते.

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी नावाच्या चिठ्ठ्या बिनकामाच्या. प्रत्येकाला फितीचा एक रंग द्या: दादाची निळी, बाळाची पिवळी. प्रत्येक पुडीच्या तळाला पेन्सिलने बारीक खूणही करा, कारण फिती सुटतात.

त्या सकाळी

कात्री, स्क्रू ड्रायव्हर, उरलेले सेल आणि कचऱ्याची मोठी पिशवी एका ताटलीत तयार ठेवा. कपडे आणि पुस्तकं आधी उघडू द्या. मोठं खेळणं निघालं की त्यानंतरच्या पुड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. मुलं दमलेली दिसली तर दोन पुड्या उद्यावर टाका, ती काही तक्रार करत नाहीत. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणि खोक्यातल्या, ओल शोषणाऱ्या जेलच्या छोट्या पुड्या निघतील तशा बाळाच्या हाताबाहेर ठेवत जा.

कचऱ्याची पिशवी त्याच दिवशी बाहेर टाकू नका. संध्याकाळी ती एकदा वर्तमानपत्रावर उपडी करून चाचपा. छोट्या पिशवीतले जादा स्क्रू, स्टिकरचा कागद, खेळण्याची किल्ली, वॉरंटीचं कार्ड हे सगळं रॅपिंगच्या चुरगळलेल्या कागदाबरोबर गेलेलं असतं. मोठ्या वस्तूंची खोकी चपटी करून परतीची मुदत संपेपर्यंत पलंगाखाली सरकवा, तिथे आता लपवायला काही उरलेलं नसतं.